घड्याळ कोणाच्या हातात

वैशाली नगर, भिलाई

संघमित्रा,

तुह्या रिसर्चचं ते थरथर मोजणारं घड्याळ बाबा घालतच नाहीत. विहारात स्टील प्लांटमधले जुने दोस्त 'हे काय?' विचारतात, म्हणून काढून ठेवतात. तू चिडशीन म्हणून महिनाभरापासून मीच घालून राहिली.

काल तुहा फोन आला. "आई, ग्राफ पाहिला. बाबाचा हात आता बसल्या-बसल्याही थरथरून राहिला. डॉक्टरले सांगून गोळी वाढवते."

बाबा समोरच पेपर वाचत बसले होते. मी माहा हात मांडीखाली दाबून धरला.

सकाळपासून हा कागद घेऊन उठबस चालू आहे. पाठवला तर तुले माह्यं कळन. नाही पाठवला तर उद्यापासून माह्या थरथरीची गोळी बाबा खातीन.

तुही आई,
चंपा