कच्चे टाके

रविवार, १२ जानेवारी

प्रिय ताई,

तुझ्या चष्म्याचा नंबर पुन्हा वाढल्याचं आईकडून कळलं. ती म्हणते, कारखान्यात शर्टांच्या कॉलरी बघून बघून पोरगी एक दिवस माणसांचे चेहरे विसरेल. इकडे सगळे बरे आहेत. बाबांचा गुडघा दुखतो, पण डॉक्टरांचा विषय काढला की लगेच बरा होतो.

आपल्या शाळेत शिकवायला लागून मला सात महिने झाले. वरच्या वर्गांना व्यवसायाचा तास घेते. मुलांनी दोन खोट्या कंपन्या काढल्या आहेत आणि त्या एकमेकींना पत्रं लिहितात. गेल्या आठवड्यात एकीनं दुसरीला कळवलं, ‘आपण पाठविलेल्या खिळ्यांना डोकी नाहीत. आपल्या कार्यालयातही हीच परिस्थिती असावी.’ लाल पेन उघडून बसले होते, पण हसू आलं आणि पूर्ण गुण दिले. मी त्यांना एकच गोष्ट घोकायला लावते. पत्राचा विषय पहिल्या ओळीत लिहा, उगाच आढेवेढे घेऊ नका.

माझा वर्ग तुमच्या शिवणवर्गाला लागून आहे. खिडकीखालचं तुझं मशीन अजून तसंच कुरकुरतं. शिवणाच्या बाईंच्या गळ्यात अजून टेप असते, आणि अजून त्या नव्या मुलींना महिनाभर दोरा देत नाहीत. रेघांच्या कागदावर नुसती सुई चालवायची. भोकं रेघेवर पडायला लागली की मग दोरा.

परवा त्यांचं कपाट आवरायला गेले आणि तळाशी माझी सातवीची इतिहासाची वही सापडली. तू सरावाला नेली होतीस ना, तीच. पान उजेडासमोर धरलं तर माझ्या सनावळीतून तुझी भोकं चालत गेलेली दिसतात. पहिल्या पानावर वाट चुकलेल्या मुंग्या, शेवटच्या पानावर सरळ रेघ. मी तिथेच जमिनीवर बसले. आमच्या तुकडीतल्या मुली तुम्हाला ‘सुईवाल्या’ म्हणायच्या. मी कधी म्हटलं नाही, असं आजवर स्वतःला सांगत आले. दोनदा म्हटलं होतं, ताई.

आता बातमी. बाई मे महिन्यात निवृत्त होतायत. प्रमाणपत्र असलेली शिक्षिका मिळाली नाही तर शिवणवर्ग बंद होणार. सभेत मी उठून बोलले. हाताला काम येणं हेही शिक्षणच आहे, वगैरे. तुला माझी भाषणं माहीत आहेत. मुख्याध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “भाषण छान झालं. आता माणूस आणा.”

बाहेर आल्यावर बाईंनी पहिलं नाव तुझंच घेतलं. मी म्हटलं, ताईकडे प्रमाणपत्र कुठंय?

त्या म्हणाल्या, “ठाऊक आहे. का नाही, तेही ठाऊक आहे.”

दोन पानं भरली आणि माझा विषय अजून आलेला नाही. माझ्या विद्यार्थ्यानं असं लिहिलं असतं तर मी गुण कापले असते.

विषय: तुझ्या शिवणाच्या परीक्षेच्या फ्रॉकचे कच्चे टाके मी काढले.

त्या सकाळी तू आंघोळीला गेली होतीस. निळा फ्रॉक घडी करून ठेवलेला होता. एका बाजूची शिवण सुरेख झाली होती, आणि दुसऱ्या बाजूला पांढरे धागे तसेच लोंबत होते. मला वाटलं, घाईत राहून गेले. कात्री घेतली आणि एकेक करून सगळे ओढून काढले. तुला मदत केली म्हणून दिवसभर खुशीत होते. परीक्षकांना कामाच्या पायऱ्या दिसाव्यात म्हणून अर्धे टाके मुद्दाम ठेवायचे असतात, हे मला कोण सांगणार? तुमच्या वर्गात मी कधी डोकावलेच नव्हते.

संध्याकाळी मी विचारलं, कसं झालं? तू म्हणालीस, “झालं. तू अभ्यास कर.” निकालपत्रावर प्रात्यक्षिकापुढे ‘नापास, कच्चे टाके नाहीत’ असा शेरा वाचला तेव्हा मला कळलं. तरी मी गप्प बसले. नऊ वर्षं. तुला वाटत असेल तुझ्याच हातून राहिलं, असं मी धरून चालले, कारण ते सोयीचं होतं.

बाईंनी परवा उरलेलं सांगितलं. घरच्या कुणाच्या हातून झालं असेल तर त्या व्यक्तीनं उद्या सकाळी येऊन लिहून द्यावं, तुला पुन्हा बसवू, असं परीक्षक म्हणाले होते. नेमकी त्या दुसऱ्या सकाळी माझी शिष्यवृत्तीची परीक्षा होती. तू म्हणालीस, “मीच काढले.”

घरातली पहिली पदवीधर म्हणून बाबा माझी ओळख करून देतात. आता ते वाक्य ऐकलं की कुठे बघावं कळत नाही.

सोबत अर्ज ठेवला आहे. प्रात्यक्षिक दहा वर्षांच्या आत पुन्हा देता येतं. हा एप्रिल शेवटचा. सगळे रकाने मी भरलेत, सहीची जागा मोकळी आहे. बाई सुट्टीच्या दिवशी सराव घ्यायला तयार आहेत. नऊ वर्षांत कॉलरीशिवाय काही शिवलं नाही, म्हणून तू भिशील. मी तसं म्हटलं तर बाई म्हणाल्या, “येऊ दे. कागदापासून सुरू करू.”

तू सही केली नाहीस तरी चालेल. अर्ज वेगळा आणि माझी माफी वेगळी. माफीच्या बदल्यात काही मागत नाही.

मात्र आलीस, तर सरावाला वह्या माझ्याच वापर. पदवीच्या सगळ्या जपून ठेवल्या आहेत.

या वेळी परीक्षेच्या सकाळी कात्री तुझ्याच हातात देणारी,
तुझी धाकटी