वीतभर सरळ टीप

प्रिय बाबा,

परवा निघताना तुमच्या दुकानातली पट्ट्यांची पेटी मी न विचारता उचलून आणली. रागावू नका, एकही हरवलेली नाही. तीनशे बारा आहेत, मोजल्या.

कुतूहल लहानपणापासूनचं होतं. एखादं जुनं शिलाई मशिन दुरुस्त झालं की तुम्ही पांढऱ्या कापडाच्या पट्टीवर वीतभर टीप मारून बघायचात, मागे तारखेचा शिक्का उठवायचात आणि पट्टी पेटीत टाकायचात. कशाला, असं विचारलं की म्हणायचात, "मशिन काय बोललं ते जपून ठेवतोय, मोजपट्टी." त्यावर आई आतून म्हणायची, "यांना माझी हाक ऐकू येत नाही, बॉबिनची कुरकूर मात्र दोन खोल्या ओलांडून येते!"

मला वाटलं, दुरुस्ती दरवर्षी किती सुधारत गेली ते यातून दिसेल. म्हणून पट्ट्या तारखेप्रमाणे टेबलावर मांडल्या आणि टिपेच्या कडेला स्केल ठेवून ती किती ढळते ते मोजलं. कितीतरी वर्षं अर्ध्या मिलिमीटरच्या आत. मग गेल्या मार्चपासून टीप लहरायला लागते. दीड, दोन, एकदा तर चार मिलिमीटर. आधी मशिनांवर संशय घेतला. कापड पुढे सरकवणारे दाते झिजले असतील, कापड दाबणारा पाय सैल असेल. पण अकरा वेगवेगळ्या मशिनांना एकच दुखणं होत नाही. त्या अकरांमध्ये सामाईक होता तो कापड धरणारा हात.

खरं कोडं पुढेच आहे. सप्टेंबरपासून टीप पुन्हा सरळ. मला हायसं वाटलं. मग दोऱ्याची टोकं पाहिली. तुम्ही दोरा कापून मोकळा सोडता. गाठ मारणं म्हणजे टिपेवर अविश्वास, हे तुमचंच म्हणणं. सप्टेंबरनंतरच्या प्रत्येक पट्टीला दुहेरी गाठ आहे. अशी गाठ आपल्या घरात एकच माणूस मारतं. माझ्या शाळेच्या शर्टाच्या प्रत्येक बटणाखाली ती असायची.

मी घरी होते ते आठ दिवस तुम्हाला चहा अर्धाच कप मिळत होता. मला वाटलं, आईने चहा कमी करायला लावलाय. भरलेला कप हिंदकळतो, हे तेव्हा सुचलं नाही.

परदेशातल्या तीन वर्षांच्या कामाला मला महिनाअखेरीस हो किंवा नाही कळवायचं आहे. तुम्ही दोघं एका सुरात म्हणालात, "बिनधास्त जा, इथे सगळं ठणठणीत आहे." कदाचित जाईनही. पण चुकीच्या मोजमापावर काही ठरवायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. सोबत एक कोरी पट्टी पाठवते आहे. तिच्यावर तुम्ही स्वतः टीप मारा, कितीही वाकडी येऊ दे. आणि आईला सांगा, या वेळी गाठ मारू नकोस.

तुमचीच,
मोजपट्टी