पुसेगावला जाण्याविषयी देवाची इच्छा

३ मार्च १९७४, रविवार
चर्चमध्ये पाळकसाहेबांचं आजचं सर्मन चांगलं झालं. देव रोज आपल्या दारी येतो, आपणच ओळखत न्हाई, असा मुद्दा. बाकीचे जांभया देत होते. नीट समजलं ते बहुतेक मला एकट्यालाच.
ठराव: आजपासून प्रत्येक गोष्टीत देवाची इच्छा ओळखायची. घाई करायची न्हाई.
घरी आलो तर धाकटा भाऊ किशन पुसेगावहून येऊन बसलेला. बापाला खोकला लागलाय, अन्न जात न्हाई. रामजी येतो का इचारून ये, असं बा म्हणाला म्हणे. माझं नाव रूबेन आहे. बाप्तिस्मा होऊन इतकी वर्षं झाली, तरी बा रामजीच म्हणतो.
देवाला विचारून कळवतो, असं किशनला सांगितलं. तो उठला. चहा अर्धा ठेवून गेला.

४ मार्च
मन शांत आहे. माय वारली तेव्हा मातीला सगळे बुद्धवंदना म्हणायला उभे होते, तेव्हा मी आपली प्रार्थना म्हणायचा आग्रह धरला. बानं चारचौघांत मला बाजूला हो म्हटलं. तेव्हापासून आमचं बोलणं न्हाई. मी त्याला केव्हाच माफ केलंय, त्यानं माफी मागितली नसली तरी. म्हणून प्रश्न रागाचा न्हाई. फक्त देवाच्या इच्छेचा आहे.

५ मार्च, सकाळ
डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडलं, बोट ठेवलं. उधळ्या पुत्राची गोष्ट निघाली. ती मला लागू होत न्हाई. मी काही उधळलं न्हाई, शाळेत मास्तर आहे. पुन्हा उघडलं. वंशावळ निघाली, नुसती नावं. यावरून स्पष्ट काही आदेश न्हाई असं दिसतं. थांबावं.

६ मार्च
शाळा सुटल्यावर स्टँडवर गेलो. जायचंच असं न्हाई, फक्त दार उघडं आहे का बघायला. एसटी खच्चून भरलेली, दारात लोक लोंबकळत. दार बंद आहे हे कन्फर्म झालं. परत आलो.
घरी बायको पद्मा म्हणाली, मागून दुसरी गाडी रिकामी जाते, शेजारच्या जुलेखाभाभी त्याच गाडीनं माहेरी जातात. बायकांना टाइमटेबल कळतं. खूण कळत न्हाई.

८ मार्च
पद्मानं भाकरी अन् तिळाची चटणी बांधून माझ्या सायकलला अडकवली. बाला आवडते म्हणून. मी विचारलं, तुला कोणी सांगितलं मी जाणार म्हणून? ती म्हणाली, "बापाला खोकला झालाय. त्यात देवाला काय इचारून राहिले तुमी?"
 तिची श्रद्धा साधी आहे. भाकरी शाळेत खाल्ली.
झोप नीट लागत न्हाई. उन्हाळ्यामुळं असेल.
ठराव: उद्या रजा काढून चर्चमध्ये उपास. उत्तर मिळाल्याशिवाय उठायचं न्हाई.

९ मार्च, संध्याकाळ
सकाळपासून चर्चमध्ये होतो. सुरुवातीला मन लागलं. मग मागच्या बाकावर कोणीतरी येऊन बसलं आणि खोकायला लागलं. मी डोळे उघडले न्हाईत. अशा वेळीच माणसाची परीक्षा होते. खोकला थांबेना, तेव्हा मी आवाज चढवून प्रार्थना केली: प्रभू, मी बापाकडं जावं की जाऊ नये, ते मला स्पष्ट दाखव. दोनतीनदा तेच म्हणालो. मग मागं काठी वाजली, दार वाजलं. शांतता झाली. मला फार समाधान वाटलं.
घरी आलो. पद्मानं माझ्या मागं बघितलं आणि विचारलं, मामंजी कुठं आहेत?
बा सकाळच्या गाडीनं एकटाच आला होता. पद्मानं गुळाचा चहा दिला. रामजी कुठं, असं त्यानं विचारलं. चर्चमध्ये तुमच्यासाठीच प्रार्थना करून राहिले, असं ती म्हणाली. मग मीच तिकडं जातो म्हणून तो उठला. तिनं कोपऱ्यापर्यंत सोडलं.
बा जन्मात कधी चर्चची पायरी चढला नव्हता.
स्टँडवर पळत गेलो. गाडी गेलेली.
त्याला ऐकू कमी येतं. बहुतेक ऐकलं नसेल.

१० मार्च, रविवार. पुसेगाव
आज चर्चमध्ये वाचन माझं होतं. कोणाला न सांगता पहिल्या गाडीनं आलो. गर्दी होती. उभ्यानं आलो.
बा बाजेवर पडलेला. फार बारीक झालाय. वाटेत मी काय काय बोलायचं ते ठरवून आलो होतो, क्षमेविषयी बराच भाग होता. किशननं मला आत सोडलं आणि तो बाहेर गेला.
मी म्हणालो, काल मला माहीत नव्हतं. आवाज द्यायचा ना.
"तुझं चालू होतं," बा म्हणाला. "मधीच कसं बोलावं."
 मग त्यानं विचारलं, "मग काय म्हणला तुझा देव? जा म्हणला का नको?"
टोमणा नव्हता. खरंच विचारत होता.
मी म्हणालो, अजून काही कळलं न्हाई.
"बरं," बा म्हणाला. "तवर पाणी दे थोडं."
दिलं. पेला मीच त्याच्या ओठाला लावला.  अर्धं त्याच्या सदऱ्यावर सांडलं.