फळीवर ठेवलेला चित्रपट

५ जानेवारी १९६९, जळगाव

आईने भाकरी थापता थापता विचारलं, "जे तू देखं नई, ते शे म्हनीसन पेपरमा कसं लिखस?" न पाहिलेलं 'आहे' म्हणून पेपरात कशी लिहितेस, असा तिचा प्रश्न. वही घेऊन बसले तरी तोच डोक्यात आहे.

धुळ्याच्या साप्ताहिकात दर आठवड्याला 'येऊ घातलेले इंग्रजी चित्रपट' हे सदर मी लिहिते. हॉलिवूडमध्ये कोणता सुरू झाला, कोणात कोण आहे, कोणता कधी पडद्यावर येईल. त्यातला एकही पाहिलेला नाही. हॉलिवूडचं सोडा, मी मुंबईही पाहिलेली नाही. बी. ए., इंग्रजी घेऊन, दुसरा वर्ग. घरात पहिलीच. आबा डाळमिलमध्ये सांगतात, "आमची पोर इंग्रजीतून बातम्या काढते." विहिरीतून पाणी काढावं तसं.

आज रविवार, टॉकीजमधला इंग्रजी चित्रपटाचा सकाळचा खेळ बरा गेला. चाळीसेक माणसं, त्यात मुली नि बायका सतरा. मी नेहमीप्रमाणे पडद्यासमोर उभं राहून आधी अर्धी गोष्ट मराठीत सांगितली, उरलेली मध्यंतरात. माईकचा भोंगा फार खरखरतो. टॉकीजच्या शेठजींना परत सांगायला हवं.

१० जानेवारी

नाना, आमचे ऑपरेटर, भुसावळहून नव्या चित्रपटाची पेटी घेऊन आले. पेटीबरोबर सुतळीने बांधलेला मासिकांचा गठ्ठा. तिथल्या रेल्वे क्वार्टरातल्या एक मडम हॉलिवूडची मासिकं मागवतात, वाचून झाली की नानांना देतात. वर्ष-दीड वर्ष जुनी, क्रम नाही. मडम पाककृती कापून घेतात, त्यामुळे मागच्या पानावरची बातमी अर्धी जाते. मागच्या गठ्ठ्यात एक नटी चित्रपट सोडून गेली होती, या गठ्ठ्यात तिला घेतलं. मागेपुढे मीच लावायचं.

दीपगृहाच्या चित्रपटाची (यापुढे दी., दर वेळी एवढं लिहवत नाही) नवी बातमी नाही. नुसता एक फोटो. खडकावर उभा लाकडी मनोरा, शेजारी टोपी घातलेला माणूस फूटपट्टी धरून.

१२ जानेवारी, रविवार

खेळ सुटल्यावर मुली घोळका करून उभ्या. कमल सगळ्यात पुढे. ही फैजपूरची, केळीवाल्यांची मुलगी, वसतिगृहात राहते, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला.

"ताई, त्या दिव्याच्या बाईचं काय झालं?"

दी.ची गोष्ट मी सदरात तीनदा लिहिली आहे. दीपगृह सांभाळणाऱ्या माणसाची दृष्टी जाते. मुलगी गुपचूप त्याचं काम करू लागते, वर्षानुवर्षं. सरकारदरबारी नाव बापाचंच. मग एक दिवस तपासायला साहेब येतो. पुढचं मासिकाने छापलेलं नाही.

म्हटलं, पुढचं पडद्यावरच कळेल.

कमल म्हणाली, "म्हणजे यायलाच हवा."

समुद्र आमच्यापैकी कोणीच पाहिलेला नाही. आईला दीपगृह समजावत होते तर म्हणते, "म्युन्सिपाल्टीना दिवा का व?"

१९ जानेवारी, रविवार

शेठजींनी ऑफिसात बोलावलं. समोर चहा ठेवला, म्हणजे वाईट बातमी.

"बाई, सकाळी सकाळी पंखे कोणासाठी फिरवायचे? मार्चपासून सकाळी धार्मिक लावतो. बायका नारळ घेऊन येतात. इंग्रजी बघायला कोण, तुमचे चार प्रोफेसर."

मी म्हटलं, मुली येतात. दुपारच्या, संध्याकाळच्या खेळाला घरून कोणी सोडत नाही. सकाळ आहे, कॉलेजातली बाई गोष्ट सांगते, म्हणून सोडतात. (मी कॉलेजात नाही आता. घरोघर तसं समजतात, मी दुरुस्त करत नाही.)

"मुली येतात, खरंय. पण पिक्चर तरी कोणते येतात? पाऊस पडल्यासारखे घासलेले. तुमची ती बत्तीवाली पिक्चर, ती आणा. ती येणार असेल तर बघू."

कधी येणार, ते मला कुठे माहीत आहे.

२७ जानेवारी

शेजारून भरीत आलं. आबा खूश. मी त्यांना शेठजींचं सांगितलं नाही. हे काम सुटलं तर माझ्या डिग्रीचं करायचं काय, हे त्यांनी कधी विचारलेलं नाही. विचारत नाहीत तेच...

७ फेब्रुवारी

सापडली! दी.ची बातमी, कापलेल्या पानावर दोनच ओळी शिल्लक. चित्रपट 'शेल्व्ह्ड' झाला आहे!

कॉलेजच्या लायब्ररीत दोन वर्षं काम केलं, हा शब्द रोजचा. पुस्तकावर शिक्का, नंबर, मग ग्रंथपाल सर म्हणायचे, "शेल्व्ह करा." फळीवर गेलं की पुस्तक कोणालाही द्यायला मोकळं. म्हणजे दी. तयार आहे. फळीवर ठेवला आहे. मागायचाच अवकाश.

लगेच लिहून धुळ्याला पाठवलं: 'बहुप्रतीक्षित दीपगृहाचा चित्रपट पूर्ण होऊन फळीवर सज्ज आहे.' वाक्य बरं जमलं.

९ फेब्रुवारी, रविवार

शेठजींना सांगितलं. दोनदा विचारलं त्यांनी, "तयार है? पक्कं?" मी पक्कं म्हटलं. चित्रपट पाठवणाऱ्या भुसावळच्या एजंटाला पत्र टाकतो म्हणाले. तोवर सकाळचा खेळ चालू!

पडद्यासमोरून जाहीर केलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. कमल बाकावर उभी राहिली.

१६ फेब्रुवारी, रविवार

टॉकीजच्या दारावर पाटी लागली. निळ्या रंगात मनोरा, खाली 'लवकरच'. रंगाऱ्याने मनोऱ्याला जळगावच्या पाण्याच्या टाकीसारखं केलंय. तरी किती वेळ बघत उभी होते.

आज सव्वीस मुली.

२८ फेब्रुवारी

नानांनी मुखपृष्ठ फाटलेलं एक मासिक आणून दिलं. "हे पेटीच्या तळाशी होतं बाई, गठ्ठ्यात नव्हतं."

त्यात तोच मनोरा. पाडलेला. फळ्यांचा ढीग, दोन मजूर फळ्या गाडीत भरताहेत. खाली लिहिलंय की मागच्या वसंतातच हा चित्रपट शेल्व्ह्ड झाल्यापासून सेट पडून होता, आता लाकूड काढून नेत आहेत.

कॉलेजात जाऊन मोठी डिक्शनरी उघडली. पहिला अर्थ फळीवर ठेवणे. दुसरा: बाजूला टाकणे, सोडून देणे. दुसऱ्या अर्थाच्या खाली बोट ठेवून बसले. ग्रंथपाल सर म्हणाले, "काय हो, शब्द सापडत नाही का?"

मासिकाचा महिना आतल्या पानावर आहे. मी दी.वर पहिल्यांदा लिहिलं त्याच्याही आधीचा. म्हणजे मी सुरुवात केली तेव्हाच तो मेलेला होता.

२ मार्च, रविवार

सांगितलं नाही. ओठावर आलं होतं. समोर तीस मुली, एकीने तर धाकटी बहीण आणलेली. आजच्या चित्रपटाची गोष्ट सांगितली नि खाली उतरले.

६ मार्च, धुळे

एस.टी.ने आले. एरंडोलला गाडी अर्धा तास उभी, पारोळ्याला पुन्हा तेवढीच. साप्ताहिकाचे संपादक, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मी पण. दुरुस्तीचा मजकूर पुढे केला. सहा ओळी. चष्मा कपाळावर सारून वाचला.

"बाई, हॉलिवूडहून कोणी धुळ्याला चौकशीला येणार आहे का?"

"वाचक आहेत ना, भाऊ."

"वाचक विसरतात. तुम्ही एक करा, पुढच्या वेळी लिहा की उशीर होतोय. त्याच्या पुढच्या वेळी काहीच लिहू नका. चित्रपट आपोआप मरतो."

"तो मेलेलाच आहे."

"मग झालं की! मेलेल्याला परत कशाला मारता?" कंपोझिटर हसला. मीही हसले, हेच फार लागलं नंतर.

सहा ओळी पिशवीत घालून परत.

९ मार्च, रविवार

कमल होळीला घरी गेली नाही. तिचा भाऊ न्यायला आला होता, वसतिगृहाच्या दारातच भांडण झालं. वडिलांनी निरोप धाडलाय, परीक्षा झाली की त्याच दिवशी निघायचं, पाहुणे यायचे आहेत. ही म्हणाली, दी. बघितल्याशिवाय येणार नाही. "एकच तर मागते, ताई. एक पिक्चर. भाऊ म्हणाला, येणार कधी ते सांग. मी म्हटलं, तयार आहे, पेपरात आलंय, आमच्या ताईंनी लिहिलंय."

मी काय म्हटलं? म्हटलं, "येईल."

हे चुकून नाही. पहिलं चुकून होतं.

१७ मार्च

एजंटाचं उत्तर शेठजींना आलं. असा कोणताही चित्रपट यादीत नाही, नाव पुन्हा कळवावे. शेठजी हसून म्हणाले, "एजंट गधा आहे. बाई, स्पेलिंग लिहून द्या."

मी स्पेलिंग लिहून दिलं. शुद्ध, सुवाच्य अक्षरात.

२४ मार्च

ऊन चढलंय. डाळमिलमधून आबा भुशाने पांढरे होऊन येतात.

हिशेब मनात रोज तोच. सांगितलं तर सकाळचा खेळ बंद, तीस मुलींची रविवार सकाळ गेली. नाही सांगितलं तर एप्रिल गेला, मे गेला, एक दिवस पाटी आपोआप उतरेल नि कमल फैजपूरला वाट बघत बसेल. पहिल्यात माझी अब्रू जाते, म्हणून दुसरं बरं वाटतं का? मुलींचं नाव पुढे करून मी स्वतःलाच...

अर्थ लावता येतो म्हणून तर मला उभं केलंय तिथे. तेवढं एकच येतं.

३१ मार्च

आई म्हणाली, "तुनं तोंड कसाले उतरनं व?" सगळं सांगितलं. शब्दाचं, लायब्ररीचं, पाडलेल्या मनोऱ्याचं. तिला वाटलं मनोरा इथलाच. मग समजलं, तशी ज्वारी निवडता निवडता म्हणाली,

"बठ्ठास्ले सांगी दे." सगळ्यांना सांगून टाक.

"खेळ बंद होईल, आई."

"व्हई." म्हणजे होईल. एवढंच. धीर वगैरे दिला नाही.

६ एप्रिल, रविवार

सांगून आले.

गोष्टीच्या आधीच सांगितलं, कोणाला उठायचं असेल तर उठता यावं म्हणून. भोंगा आज नेमका स्वच्छ. म्हटलं: दीपगृहाचा चित्रपट येणार नाही. तो कधी पूर्णच झाला नाही. मी एका शब्दाचा अर्थ चुकीचा लावला. आणि चूक कळल्यावर महिनाभर गप्प बसले.

मग मागून एक पुरुष: "मंग आज कोनता शे?" हशा.

कमल उठून पुढे आली. पडद्याच्या अगदी जवळ. हळू बोलली, पण भोंगा चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

"ताई, मग मी घरी भांडले ते कशासाठी?"

"माझ्यामुळे," मी म्हटलं.

"होळीला विचारलं तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

ती निघून गेली. तिच्याबरोबर दोघी, मग आणखी चार. बाकीच्या बसून राहिल्या. का, ते कळलं नाही. दिवे तसेच होते. नाना वरच्या खिडकीतून बघत होते, सुरू करू का म्हणून. आजच्या चित्रपटाची अर्धी गोष्ट सांगितली. मध्यंतरात उरलेली.

शेठजी दारातच उभे. चहा नाही.

"महिनाभर गप्प होतात ना बाई? आणखी दोन महिने राहिला असतात तर काय बिघडत होतं? लोक विसरले असते. मला एजंटाकडे गधा केलंत."

"चूक माझी आहे."

"चूक सगळ्यांची होते. सांगायला कोणी सांगितलं होतं?" मग नानांना हाक मारून पाटी उतरवायला लावली. पुढच्या रविवारचं काही बोलले नाहीत. नाना शिडीवर चढले, पाटी एका खिळ्यावर लोंबत राहिली, दुसरा निघेना.

घरी येताना धुळ्याच्या भाऊंना पत्र टाकलं. त्यात त्या सहा ओळी पुन्हा लिहिल्या आहेत, आणि खाली: या जशाच्या तशा छापेपर्यंत पुढचं सदर पाठवणार नाही. म्हणजे बहुधा कधीच नाही. वसतिगृहावरून गेले, आत गेले नाही. कमलच्या खोलीची खिडकी बंद होती.

आज रविवार, डाक उद्या निघेल. पत्र टाकल्यावर, परत काढता येतं का म्हणून, लाल पेटीच्या तोंडात हात जातो का पाहिलं. मनगटापर्यंतच जातो.