वसंताच्या पायाचा कौल

बुधवार, १८ जाने. ५६
गिरणी बंद. वाइंडिंग खात्यातल्या आम्ही सगळ्या बायका गेटावरूनच परत. दुपारी नाक्यावर गोळीबार. माझ्या वसंताला लागली. डाव्या पोटरीत. 'संयुक्त महाराष्ट्र' ओरडत सगळ्यांच्या पुढे होता म्हणे. सकाळी सांगितलं होतं, ओरड, पण मागे उभा राहून ओरड. ऐकेल तर. चौघांनी संडासाचं दार काढून त्यावर घालून इस्पितळात नेला. सून रडत बसली. म्हटलं, सुमन, आधी डाळ उतरव. करपते.

गुरुवार, १९
कर्फ्यू. जिन्याखाली उतरू देत नाहीत. शेजारची शेवंता दारात, 'गे बाय, कायतरी नवस बोल.' म्हटलं, 'देवाक लाच देऊ?' फणफणत गेली.
भीती वाटते. इथे लिहिते. कोणाला सांगायचं नाही.

शुक्र. २०
कर्फ्यू दोन तास उठला. चालत गेलो दोघी. गोळी काढलीय, हाड फुटलंय. शुद्धीवर आहे. मला बघून, 'आये, माझी चपलां?' म्हटलं, 'एक गावली.'
डॉ. ने मला एकटीला बाहेर बोलावलं. पाय राहील असं आज सांगता येत नाही म्हणाला. बिघडला तर कापायचा. वसंताला बोलले नाही. सुमनलाही नाही. उगाच रडारड. गिरणीत साच्यावर कापड विणणारा माणूस, दिवसभर उभं राहायचं काम. एका पायावर...
घरी येऊन ह्यांना गावी पत्र टाकलं. गुरवाकडून कौल घ्या. देवाला विचारा, पाय कापायला द्यायचा का. देवाला चिकटवलेली उजवी पाकळी पडली तर द्यायचा, डावी पडली तर नाही. आमच्यात साधी सोयरीक विचारल्याशिवाय होत नाही, हा तर पाय आहे. नवस आणि कौल एक नाही. नवस म्हणजे सौदा. शेवंताला ते कळायचं नाही.

मंगळ. २४
ताप. पाय सुजलाय. सुमन पट्टीजवळ वाकली आणि तशीच मागे सरली. माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर.
पत्र नाही. पोस्टमन म्हणतो टपालाची पोती पडलीत, फोडायला माणूस नाही.

शनि. २८
डॉ. म्हणाला, 'आई, बोटं काळी पडलीत. आता वेळ लावू नका. गुडघ्याखाली कापू. त्याची सही लागेल. तुम्ही बोलता की मी बोलू?'
'मी बोलते. दोन दिवस द्या. गावाहून पत्र यायचंय.'
'कोणाचं पत्र?'
काय सांगणार. 'त्याच्या वडिलांचं' म्हटलं.
संध्याकाळी सुमन नळावर गेली तेव्हा देवाजवळचा नारळ पुढे घेतला. झेंडूच्या दोन पाकळ्या ओल्या करून लावल्या. घरी कौल लावायचा नसतो, ते गुरवाचं काम. तरी लावला. डावी पडली. म्हणजे नको. थांबायचं.

रवि. २९
काल खोटं लिहिलं. पहिल्यांदा उजवी पडली. दुसऱ्यांदाही उजवी. तिसऱ्यांदा उजवी पाकळी अंगठ्याने दाबून बसवली. मग डावी पडेल नाहीतर काय.
वसंताकडे गेले, मोसंबं सोलून दिलं, परत आले. काही बोलले नाही.

सोम. ३०
पत्र आलं. ह्यांचं अक्षर. 'गुरवाने तीन वेळा कौल लावला. एकही पाकळी पडली नाही. चिकटून राहिल्या. गुरव म्हणतो देव काही बोलत नाही. मी मिळेल त्या बोटीने निघतो. तू तिथे आहेस, तूच काय ते बघ.'
दहा दिवस वाट बघितली ती ह्यासाठी. देवापुढे उभी राहून मोठ्याने म्हटलं, 'गप रवलस? आज गप रवलस?' शेवंता डोकावली. दार लोटलं.
इस्पितळात डॉ. चिडला. आता गुडघ्याच्या वरून कापायचा. दोन दिवसांत काळं वर चढलं. म्हणजे गुडघा माझ्यामुळे गेला. हे लिहायलाच पाहिजे म्हणून लिहिलं.
वसंताला सगळं सांगितलं. डॉ. बोलला ते, पत्र, नारळ, अंगठा. सुमन होती. ती म्हणाली, 'घोव माझो. आणि माका वासावरना कळला.' खरं आहे. नवरा तिचा, आणि सांगितलं मी तिलाच नाही.
वसंत छताकडे बघत पडला होता. मग, 'आये, बापाशीक इचारलस, गुरवाक इचारलस, देवाक इचारलस. पाय माझो. माका इचारलस?'
म्हटलं, 'आता इचारतंय. काय करूया?'
'कापूंदेत. माका जगूचा हा.'
सही केली. सुमनने कागद धरला. मग मला म्हणाला, 'उद्या गाऱ्हाणा घाल. कौल नको.'

मंगळ. ३१
ऑपरेशनला न्यायच्या आधी देवाला गाऱ्हाणं घातलं. पुरुषांनी घालायचं असतं, मला नीट येत नाही. आलं तसं म्हटलं. 'बा देवा म्हाराजा, ह्या लेकरू तुझा. माझी अक्कल संपली. तू बोलाक नाय, तरी तू आसस, असा धरून तुझ्या पदरात घालतंय. सांभाळ म्हाराजा.' हळूच म्हणत होते. शेजारच्या खाटेवर डोकं बांधलेला एक, डोळे मिटून, 'व्हय म्हाराजा.' पलीकडून आणखी दोघं. नर्स थांबली. आमचं होईपर्यंत गाडी हलवली नाही तिने.
दुपारी बाहेर आणला. चादर एका बाजूला सपाट.

बुध. १ फेब्रु.
ताप उतरत नाही. डॉ. म्हणाला तीन दिवस काही सांगता येत नाही.
शेवंता पेज घेऊन आली. 'कौल काय मिळालो?' म्हटलं, 'नाय मिळालो.' 'मगे गो?' 'मगे काय. कामाक लागलंय.'
नारळ समोरच आहे. झेंडूही होता. हात गेला नाही असं नाही. मागे घेतला. उजवी पडली तरी मला पुन्हा विचारावंसं वाटणार, हे आता कळलंय.
मला वाटायचं देवावर टाकलं की भीती जाते. नाही जात. एका खोलीत दोन बिऱ्हाडं राहतात तशी भरवसा आणि भीती दोन्ही आहेत. भांडत, पण आहेत.

गुरु. २
आज बोलला थोडं. नसलेली बोटं खाजतात म्हणाला. ताप आहेच.
घरी येऊन त्याचा लेंगा काढला, डावा पाय वर मुडपून टाचायला घेतला. सुमन म्हणाली, 'आये, आधी ताप तरी उतरांदे.'
'उतारलो तर? घराक काय नेसान येतलो?'
ती जवळ येऊन बसली. मला सुई ओवता येत नव्हती, तिने ओवून दिली.