नववी ‘ब’चं इंग्रजी आणि आटपाडीची बदली

सोम., ८ सप्टें., सातारा
शिक्षकखोलीतल्या चहाच्या गाळणीला भोक पडलं आहे, हे आज पुन्हा एकदा सर्वांच्या निदर्शनास आणून दिलं. साम्राज्यं अशाच गोष्टींनी लयाला गेली. प्रत्येकाच्या कपात चोथा, आणि एकही माणूस पेटून उठत नाही. निषेध म्हणून दुसरा कप घेतला नाही. (पहिला घेतला होता.)
मुख्याध्यापक (मु.अ.) म्हणाले, "गाळणीचं बघू सर. इंग्रजीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्यात. नववी ‘ब’ तुम्ही घ्या."
"आणि माझं संस्कृत?"
"इंग्रजी तरी भाषाच की."
पितृपक्ष आज लागला. मुहूर्त अचूक साधला.

बुध., १०
जवळच्या अर्थाचे इंग्रजी शब्द व त्यांतला फरक. आजची जोडी हाउस आणि होम. फळ्यावर लिहिलं : हाउस म्हणजे इमारत, होम म्हणजे जिथं आपण परत जातो ते.
मागच्या बाकावरून सागर. दहिवडीकडचा, बाप मुंबईला, आई गावी रानात, हा इथं वसतिगृहात.
"सर, मग आमचं होस्टेल काय?"
"ते होस्टेल."
"पर शाळा सुटल्यावर आमी तिथंच जातो की परत."
वर्ग हसला. मी फळा पुसला.

सायंकाळी सौ.चा फोन. बदल्यांचे अर्ज सुरू झाले. ती सांगली जिल्ह्यात, आटपाडीजवळच्या वाडीवर प्राथमिक शिक्षिका; मी इकडं. सरकार अशा जोडप्यांना एकत्र आणतं. त्याला ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ म्हणतात. एखाद्या यागाचं नाव शोभेल.
"भरते," म्हणाली.
मागच्या खेपेलाही ‘भरते’च म्हणाली होती.

शनि., १३, आटपाडी
एस.टी. दहिवडी, म्हसवड करत दुपारी पोचली. घरमालकीण दारातूनच ओरडली, "बाई, तुमचं पावणं आलं बगा!"
सप्तपदी चाललेला मनुष्य मी. पाहुणा. पण साखर कुठल्या डब्यात ते विचारावं लागलं, तेव्हा तक्रारीला जागा नाही. सौ. दिवाळीत साताऱ्याला आली की चहाची पूड विचारते.

चहा होतोय तोवर पारूबाई आल्या. मेंढपाळ बाई, पोरगी सौ.च्या वर्गात.
"बाई, दिवाळी झाली की आमी मेंढरं घिऊन चाराया खाली जाणार. पोरगीला म्हातारीपाशी ठिवतो. पर तुमी हाय म्हणून हां. तुमी बदली घेताय म्हणत्यात?"
"कोण म्हणतं?"
"समदी."
"अजून काही नाही, पारूबाई."
"तुमी गेला तर पोरगी न्हाई ठिवायची मी. म्हातारीला दिसत न्हाई धड. मेंढरांमागं घिऊन जाईन." मग मोर्चा माझ्याकडे. "आवं पावणं, तुमीच या की हिकडं. तितं काय सोनं लागून गेलंय?"
"मी संस्कृत शिकवतो. इथं कोण शिकणार?"
"मेंढरांस्नी शिकवा. ती उलटून बोलत न्हाईत."
मु.अ.च्या प्रस्तावापेक्षा हा बरा. मी हसलो. सौ. हसली नाही. वाडीवरून अशा बऱ्याच पोरी पूर्वी मेंढरांमागं जात. हिनं घरोघर बसून, भांडून, एकेक थांबवली आहे. मला हे सगळं माहीत होतं, पण ऐकून. समोर बसून प्रथमच.

रवि., १४
परतीची एस.टी. सौ. थांब्यावर सोडायला आली. बोलायचं होतं. तेवढ्यात कुणी "बाई, आवं बाई" करत आलं, दाखल्याचं काहीतरी विचारत राहिलं. गाडी आली.

बुध., १७, सातारा
वेट, एक्स्पेक्ट, होप. मराठीत तिन्हींना आपण बिनदिक्कत ‘वाट बघणं’ म्हणून मोकळे होतो. उदाहरणं मागितली. सागर उठला :
"सर, दहिवडीच्या गाडीसाठी थांबलोय, हे वेट. वेळापत्रकात हाय म्हणून येणार, हे एक्स्पेक्ट. आली तर जागा घावंल, हे होप."
पैकीच्या पैकी गुण.
मोह आवरला नाही. फळ्याच्या कोपऱ्यात प्रतीक्षा, अपेक्षा, उपेक्षा, परीक्षा लिहिलं. एकाच धातूची चार पोरं, उपसर्गांनी बिघडवलेली. वर्गानं सहानुभूतीनं पाहिलं.
सौ.ला फोन. "भरलास?"
"सर्व्हर चालत नाही."
सर्व्हर आमच्या घरातला तिसरा माणूस झाला आहे. दोघांच्या वतीनं बोलतो.

शुक्र., १९
हवालदार (आमचे शिपाई, फौजेतून निवृत्त) चहा देता देता म्हणाले, "सर, बाईसाहेब येणार म्हणं औंदा?"
"बघू. तुम्ही किती वर्षं लांब होता?"
"सगळी नोकरी. रिटायर होऊन आलो तवा लय हौस. आठ दिस गोडीत गेलं. मग बायकू म्हणाली, आवं, तुमी ड्यूटीवर कवा जाणार? म्हणलं, आता न्हाई जायचं कुठं. तवा रडली."
"आनंदानं?"
"ते काय इचारलं न्हाई, सर."
कप घेऊन गेले.
पुढची जोडी अलोन आणि लोनली. पुढच्या आठवड्यावर ढकलली. अभ्यासक्रम मागं पडला तरी चालेल.

सोम., २२
घटस्थापना. अर्ज उद्या सायंकाळी बंद.
जेवणानंतर तिचाच फोन. "भरून ठेवलाय. पाठवायचा तेवढा बाकी."
"मग पाठव की."
"एक विचारू? मी तुम्हाला हवी आहे, की लागते?"
"यात फरक काय?"
"नववीला फरकच शिकवता ना तुम्ही?" हसली असावी. मग : "लागत असेन, तर डबा लावा, कामाला बाई बघा. तुमची सोय होईल. पारूबाईच्या पोरीची नाही होत. हवी असेन तर तसं सांगा. आत्ता पाठवते."
मी म्हणालो, विचार करून सांगतो.
"करा," म्हणाली. रागानं नाही. राग असता तर समजूत घालता आली असती.

‘येऊ नकोस’ म्हणायला पारूबाईच्या पोरीचं कारण मी मघापासून मनाशी घोळवतो आहे. कारण चांगलं आहे, खरंही आहे, पण माझं नाही. ‘हवी आहेस’ एवढंच म्हणायचं होतं, आणि ते तोंडातून आलं नाही. एकट्यानं राहायची सवय झाली, एवढंच असतं तर ठीक. ती सवय मला आवडू लागली आहे की काय, ते कळत नाही. उद्या ती येऊन रोज समोर बसली, तर आमच्याकडे बोलायला काय आहे? फोनवर आम्ही तब्येत, पाऊस, सर्व्हर यांत संपतो. तिची बदली होईल की नाही, याची मला काळजी नाही. काळजी त्या रोजच्या बोलण्याची आहे.