खुणांच्या वर्गाबाहेरचा बाक

३, मंगळवार

बाहेर बसवलं मला! माझ्या धाकट्या बहिणीचा पहिलाच वर्ग, आणि महिला केंद्रातल्या बाईंनी, स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून, मला दार दाखवलं. बायकांना मारहाण, छळ होऊ नये म्हणून वस्तीत हे वर्ग घेतात, ऐकू न येणाऱ्यांना खुणांची भाषाही शिकवतात. अपंग बायकांना आवर्जून बोलावतात.

म्हटलं, तिला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, तिचं सगळं मीच सांगते. "म्हणूनच तुम्ही बाहेर बसा," म्हणाल्या. घरच्यांना आत येऊ द्यायचं नाही, असा नियमच आहे म्हणे.

आई गेल्यापासून अकरा वर्षं तळहाताच्या फोडासारखं जपलंय तिला. आणि आता मी परकी!

४, बुधवार

दवाखान्याच्या लॉन्ड्रीत दिवसभर वाफ. त्या वाफेत मन कुठल्या कुठे जातं. तिला आवाज असता तर कसा असता? जरासा जाड असावा. मला रागावली असती तर शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असतं. या नादात चादरींच्या घड्या चुकल्या, मुकादमीण खेकसली.

कामावर येताना नेहमीसारखी बाहेरून कडी घालून आले. दुपारी शेजारचे काका तिला डबा देतात, लक्ष ठेवतात. देवमाणूस! नाहीतर माझा जीव टांगणीलाच लागला असता.

१०, मंगळवार

बाकावरून काचेतून आतलं दिसतं. दहाबारा बायका, एक कुबडीवाली, एक आंधळी. मध्ये दुभाषी मुलगी खुणा करते आणि तोंडानेही सांगते. सगळ्यांचे हात हलत होते, दोरीवर वाळत घातलेल्या रुमालांसारखे. बघता बघता डोळा लागल्यासारखं झालं.

धाकटी हसत होती. एवढी हसते ती?

आमच्या दोघींच्या खुणा मोजल्या. जेव, झोप, अंघोळ, औषध, बाहेर जाऊ नको... ओढूनताणून बावीस. बावीस खुणांत एक अख्खं माणूस कसं मावत असेल?

१७, मंगळवार

घरी आल्यावर तिने काहीतरी नवीन करून दाखवलं. मला कळेना. तिने पुन्हा केलं. मग लहान मुलाला कळणार नाही म्हणून सोडून द्यावं तसा हात झटकून ती भांडी घासायला गेली. आमच्या घरातली अडाणी आता मी!

१८, बुधवार

निघताना तिने माझा हात धरला, दाराकडे बोट केलं. कडी नको. मी डोळे वटारले. जग वाईट आहे हे तिला कसं सांगू? त्याला आमच्याकडे खूणच नाही. कडी घातली आणि निघाले.

२२, रविवार

ती खिडकीत बसून बोटांनी स्वतःशीच बोलत होती. उन्हात तिच्या हातांची सावली भिंतीवर हलत होती. मी पलंगावर पडून बघत राहिले. फार सुंदर दिसत होतं. आज काहीच करू नये असं वाटलं.

२४, मंगळवार

आज मला आत बोलावलं. तिनेच बोलवायला सांगितलं होतं.

ती नव्या-जुन्या खुणा, हावभाव, सगळं करून सांगत होती, दुभाषी मुलगी पुन्हा पुन्हा विचारून तिच्या वतीने बोलत होती. "ताई, दुपारी कडी काका काढतात. आतली कडी मोडकी, मला दार आतून लावता येत नाही. बाहेर पळता येत नाही. चार महिने झाले. तुला मी त्यांच्या घराकडे बोट करून रडून दाखवलं होतं. तू माझे डोळे पुसलेस, आणि दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलंस, जास्त वेळ बसा तिच्याजवळ."

हो. सांगितलं होतं. एकटी घाबरते, असं समजून सांगितलं होतं.

मी तिथेच फरशीवर बसले. बाईंनी पाणी दिलं. धाकटीने पाठीवर हात ठेवला नाही.

बाईंना सोबत घेऊन घरी गेले, बाहेरची कडी उचकटून टाकली. आम्ही बाईंकडेच राहतोय. घरी एकटीने पाय ठेवायची हिंमत नाही माझी.

२५, बुधवार

चौकीत तक्रार तिनेच दिली. दुभाषी मुलगी सांगत होती, मी भिंतीशी उभी होते. हवालदारीणबाईंनी विचारलं, कोणाकोणाविरुद्ध? धाकटीने दोन बोटं वर केली. एक काका. मग वळून तिने माझ्याकडे बोट केलं.

हवालदारीणबाई लिहायच्या थांबल्या. माझ्याकडे बघू लागल्या.

"लिहा," मी म्हटलं.